जुवारीतला टग, १:३० : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

माप ठरलं : १:३०. बाबा गोव्यात जुवारी नदीत ज्या टगवर, म्हणजे खनिजाच्या बार्जेस ओढणाऱ्या बोटीवर, बावीस वर्षं खलाशी होते तो १८ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद आणि भरल्या टाक्यांनिशी दोन मीटर पाण्यात बसणारा. म्हणजे प्रतिकृती ६० सेंमी लांब, १८.३ रुंद, पाण्याखाली ६.७ सेंमी. १:२४ चा मोह झाला होता, पण त्या मापात वजन सात किलोंच्या पुढे जातं आणि खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून ते एकट्याने नेणं अवघड. खरा टग अंदाजे ९९ टनांचा. लांबी तीस पट लहान झाली की वजन २७,००० पट लहान होतं, म्हणून प्रतिकृतीचं वजन ३,६७० ग्रॅम यायला हवं. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवला आहे.

टग आता नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या, बार्जेस ओळीने नांगरून पडल्या आणि ओढायलाच काही उरलं नाही तेव्हा तो भंगारात गेला. माझ्याकडे तीन फोटो आहेत आणि बाबांची डिझेलच्या हिशेबाची वही. आराखडा कुठेही नाही.

कपाटात ठेवायची नौका मला नको आहे. रेडिओवर चालणारा हा टग भरलेली बार्ज ओढेल तरच काम पुरं झालं असं मी धरणार आहे.

२८ जानेवारी

दुर्भाटच्या पलीकडे, रासईच्या अंगाला, त्याच बांधणीचा एक टग चिखलात टेकून आहे. मालकाला विचारून ओहोटीच्या वेळी मापं घेतली. टेप, ओळंबा आणि खडू एवढंच सामान. नाळेपासून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापासून, सात ठिकाणी ओळंबा सोडून काठापासून तळापर्यंतचं आतलं अंतर मोजलं. तळाचा शेवटचा हातभर भाग चिखलात असल्याने तो अंदाजानेच घ्यावा लागला. कुणी असं मोजायला जाणार असेल तर अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास जावं, ओहोटी जास्त खाली उतरते. मी अष्टमीच्या जवळपास गेलो आणि अर्धं काम पाण्यानेच झाकलेलं होतं. पुन्हा जावं लागलं.

१८ फेब्रुवारी

दोन रविवार वाया गेले. ६ मिमी मरीन प्लायच्या नऊ फासळ्या कापल्या, कण्यावर उभ्या केल्या, काटकोन तपासले आणि मग लक्षात आलं की फासळ्या बाहेरच्या रेषेवर कापल्या आहेत. वर ३ मिमीच्या पट्ट्या बसणार, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून ६ मिमी रुंदी वाढली असती. खऱ्या मापात ती १८ सेंमी होते. घासून कमी करता येईल असं वाटलं, पण टोकाकडच्या फासळ्यांना तिरकं घासावं लागतं आणि तीन फासळ्या वाकड्या झाल्या. सगळ्या नव्याने कापल्या. प्लायचे दोन तुकडे मिळून ६५० रुपये.

कागदावर बाहेरची रेषा काढली की लगेच आतली रेषाही दुसऱ्या रंगाने काढा आणि बाहेरची खोडून टाका.

२४ मार्च

शिमग्याच्या सुट्टीत पट्ट्या चढवल्या. लाकूड शिवणीचं. गावच्या सुताराने एका जुन्या फळीतून ३ बाय ८ मिमीच्या पट्ट्या काढून दिल्या, कापणावळ २०० रुपये. जवळजवळ निम्मी फळी करवतीच्या भुशात जाते, तेव्हा लागणार असेल त्याच्या दुप्पट लाकूड न्या. नाळेकडच्या वळणासाठी पट्ट्या उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून पिंपाच्या गोलाईवर बांधून वाळवल्या. सुक्या वाकवायला गेलो तेव्हा चार तुटल्या होत्या.

एका बाजूच्या पट्ट्या पूर्ण लावून मग दुसरी बाजू घेऊ नका. मी सहा पट्ट्या एका बाजूला लावल्या आणि कणा ४ मिमी ओढला गेला. त्या काढल्या आणि पुढे एक डावीकडे, एक उजवीकडे असं केलं.

२१ एप्रिल

शाफ्टची नळी बसवली. ४ मिमीचा स्टेनलेस शाफ्ट, बाहेर पितळी नळी, आत ग्रीस. नौका ढकलणारा पंखा उजव्या फिरकीचा (मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा), पितळी, ४५ मिमी. खऱ्या टगचा सुमारे १.४ मीटरचा होता, म्हणजे माप जुळतं. नळी पक्की चिकटवण्याआधी मोटर जागेवर ठेवून शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. हे एक काम मी पहिल्यांदाच बरोबर केलं.

१६ जून

पाऊस लागला आणि माझं नुकसान झालं. मे महिन्यात घरचं लग्न असल्याने इपॉक्सीचं काम पुढे ढकललं होतं. काल काचकापड टाकून इपॉक्सी लावली. आज सकाळी वर पांढरट, तेलकट थर. बोट लावलं तर साबण लागल्यासारखं. हवेत दमटपणा असला की हार्डनरचा काही भाग वर येऊन हवेतल्या ओलाव्याशी आणि कर्बवायूशी जुळतो आणि असा थर बसतो. त्याच्यावर दुसरा हात दिला असता तर तो सोलून निघाला असता.

कोमट पाण्याने, भांड्यांच्या घासणीने दोनदा धुतलं, पुसलं, वाळवलं, मग १२० नंबरच्या पेपरने घासलं. धुतल्याशिवाय घासू नका, तो थर पेपरमध्ये भरतो आणि लाकडात मुरतो. दुसरा हात खोलीचं दार बंद करून, साठ वॅटचे दोन बल्ब खाली पेटते ठेवून, दुपारी दिला. तो नीट बसला. इपॉक्सी आणि कापड मिळून १,८५० रुपये. कोकणात हे काम मेअखेरच्या आत उरकावं.

२१ जुलै

केबिन आणि धुरांडं दोन्ही प्लायची केली होती. सुंदर दिसत होती. वजन केलं : ५२० ग्रॅम, आणि तेही सगळं वर. न्हाणीघराच्या टाकीत सोडलं तर एका बाजूला कलली की सावकाश परत यायची, मध्येच थांबायची. ओढणाऱ्या नौकेला हे चालणार नाही. केबिन मोडली. नवी ३ मिमी सनबोर्डची केली. पाटीवाल्यांच्या दुकानात कापून उरलेले तुकडे मिळतात, हवे तसे फुकट. सुरीने कापतं, सुपरग्लूने चिकटतं, पाणी पीत नाही. धुरांडं आणि डोलकाठीसकट आता २६० ग्रॅम.

सध्याचा हिशेब असा आहे. सांगाडा आणि डेक १,१५० ग्रॅम. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, ज्या इमर्जन्सी दिव्यात असतात, आडव्या ठेवून १,५००. मोटर, गिअर आणि शाफ्ट ३८०. रेडिओचं सामान १२०. वर केबिनचे २६०. एकूण ३,४१०, म्हणजे शिशासाठी २६० ग्रॅम उरले, ते कण्यालगत. बॅटरी जड असते म्हणून छोटी विमानं करून उडवणारे तिला टाळतात, टगवाल्याने तिचं वजन तळाला वापरून घ्यावं.

मोटरची गोष्ट राहिली. आधी ब्रशलेस मोटर आणि तिचा कंट्रोलर घेतला होता, २,३०० रुपये. ती फार वेगाने फिरते. पंखा पाणी ढवळून हवा ओढून घ्यायचा, मागे नुसता फेस. सामानाच्या बॅगा तोलायचा काटा दोरीला लावून टाकीत ओढ मोजली तर २१० ग्रॅम, आणि दहा मिनिटांत जोडणीचं प्लास्टिक वितळलं. ती मोटर बाजूला ठेवली. साध्या ब्रशवाल्या मोटरला तीनास एक गिअर लावला, ९५० रुपये. ओढ थेट ५२० ग्रॅम. त्या संध्याकाळी मला फार आनंद झाला होता. तो आनंद चुकीचा होता, हे पुढे कळेल.

१ सप्टेंबर

सावंतवाडीला चितार आळीत जाऊन एका कारागिराकडून लाकडी खुंटे, धुरांड्याची कडी आणि दिव्यांची घरं लेथवर करून आणली, ५०० रुपये. त्यांनी खुंट्यांची माथी माझ्या चित्रापेक्षा थोडी रुंद केली. दोर वर सरकून निसटू नये म्हणून, असं ते म्हणाले. बरोबर होतं.

कडेचे टायर : खऱ्या टगला ट्रकचे टायर लटकवलेले असत, सुमारे एक मीटरचे. इथे ३३ मिमी. खेळण्यातल्या गाड्यांचे मिळाले. नाळेवरची जाड गादी मूळची काथ्याची होती, पण काथ्या या मापात झाडूसारखा दिसतो. सुतळीची विणली, काळ्या चहात बुडवून वाळवली.

चवथीच्या आधी रंग संपवला. काळा सांगाडा, तळाला लाल, केबिन पिवळट पांढरी. रंगांचे ७०० रुपये.

६ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा उघड्या पाण्यात. जागा : खाजनातलं मानशीच्या आतलं पाणी. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ते भरतीला आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं, म्हणून आतलं पाणी तासन्‌तास स्थिर असतं. खोली छातीपर्यंत नाही, कमरेच्या वर. नदीत सोडायची माझी हिंमत झाली नाही.

एकटा टग उत्तम चालला. मागे घेताना मागची बाजू डावीकडे जाते. उजव्या फिरकीच्या पंख्याने तसंच व्हायला हवं, मोठ्या टगलाही होतं. ते सुधारायला जाऊ नका.

मग बार्ज बांधली. ही बिनइंजिनाची, चौकोनी, ८० बाय २६.७ सेंमी. आत चिऱ्यांचा लाल भुगा भरला आहे, खनिजासारखा दिसतो. भरल्यावर ९.६ किलो, म्हणजे खऱ्या मापात २६० टनांच्या आसपास. दोर ताणला, बार्ज हलली, सरळ रेषेत पन्नास पावलं गेली. वळवायला गेलो तर टग वळेचना. सुकाणू पूर्ण फिरवलं तरी नाक तिथेच.

बांधावर तांडेलकाका बसले होते. बाबांच्या टगचं सुकाणू त्यांच्याच हातात असायचं, आता ऐंशी पार केली आहेत. त्यांनी एकदाच विचारलं, "आरे, हूक इतलो फाटीं कित्याक?" म्हणजे, ओढीच्या दोराचा हूक इतका मागे कशाला?

मी हूक नाळेपासून ४७ सेंमीवर बसवला होता, कारण फोटोत डेकचा मागचा भाग मोकळा दिसतो आणि तिथे हूक शोभेल असं वाटलं. फोटोतला हूक केबिनच्या सावलीत होता, तो मला दिसलाच नव्हता. टग वळतो म्हणजे त्याची मागची बाजू बाहेर फिरते. दोर मागेच बांधला तर बार्ज ती बाजू धरून ठेवते, सुकाणू काय करणार? घरी आल्यावर हूक काढून ३४ सेंमीवर आणला, मध्याच्या जरा मागे.

२० ऑक्टोबर

हूक ३४ वर. फरक इतका की विश्वास बसेना. बार्ज मागे असताना टग जागच्या जागी नाक फिरवतो.

३ नोव्हेंबर

टग बुडाला.

दिवाळीचा रविवार, वारा नव्हता, सगळं जमत होतं. पूर्ण वेगात बार्ज ओढत होतो, कडेच्या गवताजवळ येऊन टग एकदम डावीकडे वळवला. बार्ज थांबत नाही, ९.६ किलो आपल्या वाटेने पुढे येतात. दोर टगच्या मागून सरकून बरोबर कुशीत आला, हूक मध्यावर असल्याने त्याला अडवायला काही नव्हतं. माझं बोट रेडिओवरच्या वेगाच्या काडीवरच राहिलं. टग आडवा ओढला गेला, उजवी कड पाण्यात गेली, इंजिनावरचं झाकण, जे मी लहान चुंबकांवर टेकवलं होतं, ते तरंगत निघून गेलं. चार सेकंद लागली असतील. धुरांडं शेवटी गेलं.

ओहोटी लागून मानस उघडेपर्यंत थांबलो आणि चिखलात उतरून काढला. खारट पाणी असल्याने घरी येईपर्यंत बाटलीतल्या गोड्या पाण्यात धुतला, घरी मोटर आणि रिसीव्हर स्पिरिटमध्ये बुडवून पंख्याखाली ठेवले. मोटर वाचली, रिसीव्हर वाचला, बॅटऱ्या बंद बांधणीच्या असल्याने वाचल्या. वेगाचा कंट्रोलर गेला. तो १,४०० चा, तेवढ्याचाच नवा घेतला.

तांडेलकाकांना संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की पावसाळ्यात मांडवीचं तोंड बंद झालं की तिकडच्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत येत, आणि कालव्याच्या वळणांवर ओढलेला पोंटून, म्हणजे बिनइंजिनाची बार्ज, टगच्या कुशीत यायला बघे, तेव्हा बाबा हूकपासून हलत नसत. हूकच्या कडीवर मारायला हातोडा आणि दोर तोडायला कुऱ्हाड, दोन्ही दोरीने बांधून जवळ. फोटोत बाबा डेकवर एका जागी उभे आहेत, हात मागे. मी आजवर समजत होतो की ते फोटोसाठी उभे राहिले होते.

१० नोव्हेंबर

या आठवड्यात लाकडाला हात लावला नाही, वहीत हिशेब केले.

पहिली चूक शक्तीची. खऱ्या टगला २५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. अशा इंजिनाची उभ्या जागी ओढ साधारण तीन टन. २७,००० ने भागलं तर १११ ग्रॅम. माझा टग ५२० ग्रॅम ओढत होता, म्हणजे खऱ्या मापात चौदा टन. अठरा मीटरच्या नौकेत चौदा टनांची ओढ घालून मी खूश होतो. ओढ जास्त, वेग जास्त, बार्जचा जोर जास्त. रेडिओतच वेगाची मर्यादा खाली आणली. आता काट्यावर १३० ग्रॅम. बार्ज हलायला वेळ घेते, आणि ते बघायला खऱ्यासारखं वाटतं.

दुसरी, हूकची उंची. पाण्यापासून ५ सेंमीवर होता, ३ वर आणला. दोर आडवा आला तरी उलथवणारा जोर तेवढ्याने कमी.

तिसरी, लगाम. हे नाव तांडेलकाकांचं. मागच्या बाजूला, नाळेपासून ५२ सेंमीवर, डेकच्या मध्यावर एक कडी. तिच्यातून आखूड दोरी, ओढीच्या दोरावरून टाकलेली. ती घट्ट केली की दोर मागच्या बाजूला धरला जातो आणि कुशीत येऊच शकत नाही, जणू हूक मागे गेला. सैल सोडली की पुन्हा वळायला मोकळा. सरळ लांब ओढीला घट्ट, वळणावर सावकाश सैल. मी हूक मागून पुढे आणला तेव्हा वळणं मिळवलं आणि आधार घालवला, हे तेव्हा मला सुचायला हवं होतं.

चौथी, झाकण. चुंबक काढले. भोवती ८ मिमीचा काठ, आत रबरी पट्टी, चार स्क्रू. बॅटरी चार्ज करायला दरवेळी स्क्रू काढावे लागतात, चालेल.

२४ नोव्हेंबर

सुटणारा हूक केला. पितळी आकडा एका खिळीवर फिरतो, खिळीमागे लहान सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या हुकमावर हलणारी छोटी मोटर. रेडिओच्या पाचव्या चॅनेलचं बटण दाबलं की खिळ मागे सरकते आणि दोर सुटतो. पहिल्या प्रयत्नात सर्व्होला खिळ ओढवेना, कारण ताणलेला दोर तिला दाबून धरतो, आणि सुटायची गरज नेमकी ताण असतानाच असते. खिळ गुळगुळीत घासली, आकड्याची टाच लांब केली म्हणजे खिळीवर भार कमी येतो. सैल दोरावर चालतं म्हणून समाधान मानू नका, दोनशे ग्रॅमचा ताण लावून वीस वेळा सोडून बघा. माझा अकराव्या वेळी अडकला होता. पुन्हा घासला.

१ डिसेंबर

दिवे. ओढणाऱ्या नौकेला रात्री एकाखाली एक असे दोन पांढरे दिवे पुढच्या बाजूला लागतात, टगच्या मागच्या टोकापासून बार्जच्या शेवटापर्यंतचं अंतर २०० मीटरच्या वर गेलं तर तीन. मागच्या पांढऱ्या दिव्याच्या वर एक पिवळा. आमची ओढ आखूड, म्हणून दोनच. बाजूंना लाल आणि हिरवा. पिवळा एलईडी पांढऱ्याइतकाच तेजस्वी वाटत होता, त्याला मोठा रेझिस्टर घातला.

एकूण खर्च १७,७९० रुपये. त्यात रेडिओ संच ४,८००, बॅटऱ्या ८४०, चार्जर ६००, शाफ्ट, जोडणी आणि पंखे १,६००. ब्रशलेस मोटर आणि बुडालेला कंट्रोलर मिळून ३,७०० वाचवता आले असते. तास मोजले नाहीत, पण जवळजवळ सगळे रविवार.

८ डिसेंबर

संध्याकाळी खाजनात. पाण्यात बांबू रोवून चार वळणांचा रस्ता केला, कालव्यासारखा. पहिल्या फेरीत बार्जने दोन बांबू पाडले. दुसऱ्या फेरीत एक. तिसऱ्या फेरीत रेडिओ तांडेलकाकांच्या हातात दिला. त्यांना काड्या नवीन, पहिलं वळण चुकलं. दुसऱ्यापासून त्यांनी वळणाच्या आधीच वेग कमी करायला सुरुवात केली, जवळजवळ थांबून, बार्ज स्वतः वळू लागेपर्यंत वाट बघून मग ओढ. मी दोन महिने वळण लागल्यावर वेग कमी करत होतो.

चौथ्या वळणावर बार्ज तरीही कुशीकडे येऊ लागली. मी काही बोलायच्या आत त्यांनी बटण दाबलं. दोर सुटला, टग हलका होऊन सरळ झाला, बार्ज शेजारून निघून गवतात जाऊन टेकली. अंधारात दोन पांढरे दिवे पाण्यावर तसेच उभे होते.

उरलेली कामं : सुटलेला दोर पंख्यात जाऊ नये म्हणून त्याच्या टोकाला लाकडी मणी. केबिनच्या मागच्या दाराला उंबरठा आणखी ५ मिमी वर. आणि हूकशेजारी डेकवर, बाबा उभे राहत त्या जागी, हातोडा आणि कुऱ्हाड. १:३० ला कुऱ्हाडीचा दांडा तीन सेंमीचा होतो.